उसिरु

ऐतवारी सकाळी सहाला होसमनी मास्तर येतात
हुक्केरीहून, पहिल्या गाडीनं.
पिशवीत एक टेबलावरचं घड्याळ
आणि बीपीच्या गोळ्या.
निपाणीच्या आमच्या विहारात, पत्रा तापायच्या आधी,
बारा बाया, दोन म्हातारे, शाळा सोडलेलं एक पोरगं.
मास्तरांचं मराठी मोडकं.
माझं कन्नड बाजारापुरतं : कांदा, दर, सुट्टे पैसे.

पहिल्याच दिवशी म्हणाले, डोळे मिटा,
"उसिरु नोडरी."
मला ऐकू आलं, उशीर बघा.

मग मी उशीर बघत बसलो.
लई होता.
चाळिसाव्या वर्षी पाटीवर गिरवलेला स,
सुगंधातला पहिला.
पीएफचं पुस्तक हातात पडलं तवा
निम्म्या बायका गेलेल्या.
वाटलं, हेच ध्यान असणार,
हे तर मला झोपेतबी येतंय.

शेजारची कल्लव्वा कुजबुजली,
"अक्का, उसिरु म्हंजे श्वास गं."
मी फिसकन हसलो, मागची पोरगी हसली, पत्रा हसला.
मास्तर रागावले न्हाईत.
म्हणाले, हसणं बी श्वासच हाय, बघा.

पण श्वास कुणी बघितलाय?
नवव्या वर्षी वखारीत गेलो, चाळणीखाली.
नाकाला पदर, पदराला तंबाखू.
श्वास म्हंजे चोरून घ्यायची वस्तू,
जमेल तेवढी थोडी.

दुसऱ्या ऐतवारी बोटं ऐकंनात.
मांडीवर पान न्हाई, सूप न्हाई, दोरा न्हाई,
तरी वळतायत.
पंचवीस झाल्या की अंगठा गाठ मारतोय.
घड्याळ वाजेस्तोवर तीन बंडलं.

तिसऱ्या ऐतवारी मी श्वास निवडायला लागलो.
हा आखूड, हा खोकल्याचा, हा मधेच फुटलेला.
बाजूला टाकत गेलो, मुकादम छाट काढतो तसा.
मास्तरांना छाट म्हंजे काय कळंना.
सांगितलं : फुगीर बिडी, ढिल्ली बिडी,
वळायची मजुरी न्हाई, आणि परत बी मिळत न्हाई.
ते बराच वेळ चटईकडं बघत राहिले.
मग म्हणाले, "हितं मुकादम न्हाई."

चौथ्या ऐतवारी हायवेवरनं एक ट्रक चढणीला लागला,
तवंदी घाटाकडं, खालच्या गिअरमधे, कण्हत.
आणि माझ्या डोळ्यांम्होरं तो घाट आला,
आडवा पडलेला उसाचा ट्रॅक्टर,
दीड तास उभी गाडी,
मांडीवर भाताचा डबा, गरम, मग कोमट, मग नुसता डबा.
बेळगावच्या सिव्हिलला पोचलो
तवा ह्यांच्या तोंडावर चादर होती.
नर्स म्हणाली, "उसिरु निंतैत्री."
मी ऐकलं, उशीर.
वाटलं, बोल लावतीय मला.
खाली मान घालून म्हणालो, हो बाई, झाला.

नऊ वर्षं ते बोलणं
मी काखेत गाठोड्यागत वागवलं.
आणि ती बिचारी एवढंच सांगत होती,
श्वास थांबला.

डोळे उघडले न्हाईत. उघडायचे नव्हतेच.
नाकाच्या शेंड्याला आत जाताना गार,
भाईर येताना ऊन.
गार. ऊन.
मधे खोकला. तोबी बघितला.
बोटं मांडीवर पडून होती,
पावशेर मिठाच्या पुड्यांगत.

आता सगळं शांत झालं असं काय न्हाई.
सोमवारी हजार बिड्या वळल्या, तीस छाट निघाल्या,
मुकादमाला मनातल्या मनात
नेहमीच्या शिव्या दिल्या.
फक्त शिवी देताना श्वास वर चढतो
एवढं दिसलं.

त्या ऐतवारी मास्तरांची गाडी चुकली.
स्टँडवर पाट्या दोन लिप्यांत, गाडी एकीत बी न्हाई.
दोघं बाकड्यावर बसलो, मधे त्यांची पिशवी,
पिशवीत घड्याळ टिकटिकतंय.
लांब रस्त्याकडं बघून त्यांनी
त्यांच्या मोडक्या मराठीत विचारलं,
"सुगंधाक्का, लई उशीर काय हो?"

मी म्हणालो, "व्हय मास्तर.
नोडरी."